वाढत्या मुलांना भाववाढीचे गणित

शेतकऱ्याच्या घरात भावाची चर्चा रोजच होत असते. सोयाबीनचा भाव, ढेपेचा भाव, मजुरीचा दर, गोडेतेलाच्या डब्याची किंमत हे विषय जेवणाच्या वेळीही सुटत नाहीत. घरातील तेरा ते अठरा वर्षांची मुले ही चर्चा ऐकतात, आठवडे बाजारात पिशवी धरून हिंडतात आणि पुष्कळदा दुकानातील पावतीही त्यांच्याच हाती पडते. हीच मुले शाळेत शेकडेवारी, गुणोत्तर, सरासरी व चक्रवाढ व्याज शिकतात. परंतु शाळेतील गणित आणि घरातील भाव यांची गाठ घालून देणारे सहसा कोणी नसते. मुलगा परीक्षेत चक्रवाढीचे उदाहरण बिनचूक सोडवितो. पण घरी डब्यात ठेवलेल्या रोकड पैशाचे मोल दरसाल घटत असते, हे त्याच्या ध्यानी येत नाही.

याची किंमत घराला मोजावी लागते. मालाचा भाव रुपयांत वाढला म्हणजे तेवढा फायदा झाला, अशा समजुतीवर वर्षाचे अंदाज बांधले जातात. मुलीच्या शिक्षणासाठी आजच्या खर्चावरून रक्कम राखली जाते आणि वेळ येते तेव्हा ती अपुरी पडते. शेत खंडाने देताना पाच वर्षांसाठी एकच आकडा ठरविला जातो. हे टाळण्यास लागणारे गणित आठवी-नववीच्या अभ्यासापलीकडचे नाही. कोणताही भाव नुसत्या रुपयांत न पाहता त्या रुपयांत काय विकत येते हे पाहावयाचे, एवढीच दृष्टी मुलांना द्यावयाची आहे. त्यासाठी पुस्तकापेक्षा घरच्या पावत्या व विक्रीच्या पट्ट्या अधिक उपयोगी पडतात.

भाववाढ म्हणजे काय?

एखाद्या जिनसेचा भाव वाढणे आणि एकंदर भाववाढ होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो अनेक शहरांत किलोला १०० रुपयांच्या वर गेला होता. पुढे सप्टेंबरात आवक वाढताच तोच टोमॅटो कवडीमोल झाला. हा हंगामाचा व आवकेचा खेळ होय. उलट, धान्य, तेल, कापड, औषध, प्रवास, मजुरी असे बहुतेक सर्वच दर वर्षानुवर्षे चढत जातात तेव्हा तिला भाववाढ किंवा महागाई म्हणतात. तेथे एकेक वस्तू महाग झाली असे म्हणण्यापेक्षा रुपया हलका झाला असे म्हणणे अधिक बरोबर ठरते.

रुपया हलका होतो म्हणजे काय, हे मुलांना नाण्यांवरून सांगावे. १ एप्रिल १९५७ पूर्वी एका रुपयाचे १६ आणे, म्हणजे १९२ पै होत. त्या दिवसापासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले. एके काळी पावलीलाही काही ना काही विकत मिळत असे. पुढे तिच्यात काही येईनासे झाले आणि ३० जून २०११ पासून २५ पैसे व त्याहून लहान नाणी व्यवहारातून कायद्यानेच बंद झाली. नाण्यावरचा आकडा शेवटपर्यंत तोच होता. बदलली ती त्याची खरेदी करण्याची शक्ती.

भाव चढण्याची कारणे अनेक आहेत. पीक बुडाले तर माल कमी पडतो. इंधन महागले तर वाहतुकीपासून खतापर्यंत सर्व खर्च वाढतो. बाजारातील मालाच्या मानाने लोकांच्या हातातील पैसा फार वाढला तरीही भाव चढतात. कधी ही कारणे एकदम एकत्र येतात. १९७२ चा दुष्काळ महाराष्ट्राला विसरता येणार नाही. त्यामागोमाग ऑक्टोबर १९७३ पासून जगात खनिज तेलाचे भाव काही महिन्यांत जवळजवळ चौपट झाले. १९७४-७५ साली देशातील घाऊक किमती सरासरीने सुमारे २५ टक्क्यांनी वाढल्या. याच काळात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर प्रभृतींच्या पुढाकाराने मुंबईच्या स्त्रिया हाती लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर आल्या होत्या. घरातील वडील माणसांना त्या दिवसांची आठवण असल्यास ती मुलांना अवश्य ऐकवावी.

पहिला धडा : घरची टोपली

दर महिन्याला महागाईचा जो आकडा जाहीर होतो तो कसा निघतो, असे मुले विचारतात. सरकार कुटुंबाच्या नेहमीच्या खर्चाच्या वस्तूंची एक टोपली ठरविते, प्रत्येक वस्तूला तिच्यावर होणाऱ्या खर्चाच्या प्रमाणात भार देते आणि त्या टोपलीची किंमत किती वाढली हे मोजते. यालाच ग्राहक किंमत निर्देशांक म्हणतात. २०१२ हे पायाभूत वर्ष धरून काढलेल्या देशाच्या निर्देशांकात अन्न व पेये यांना १०० पैकी ४५.८६ इतका भार होता.

हीच रीत घरी करून पाहता येते. समजा, एका कुटुंबाचा गेल्या वर्षीचा मासिक खर्च १०,००० रुपये होता व वर्षभरात भाव पुढीलप्रमाणे वाढले :

धान्य व डाळी : ३,००० रुपये, वाढ ६ टक्के, जादा खर्च १८० रुपये
गोडेतेल : ६०० रुपये, वाढ ३० टक्के, जादा खर्च १८० रुपये
दूध, भाजी, चहा, साखर : २,४०० रुपये, वाढ ५ टक्के, जादा खर्च १२० रुपये
कापडचोपड : १,००० रुपये, वाढ ४ टक्के, जादा खर्च ४० रुपये
औषधपाणी : ८०० रुपये, वाढ १० टक्के, जादा खर्च ८० रुपये
शाळा व प्रवास : १,६०० रुपये, वाढ ५ टक्के, जादा खर्च ८० रुपये
वीज व फोन : ६०० रुपये, वाढ ५ टक्के, जादा खर्च ३० रुपये

एकूण जादा खर्च ७१० रुपये. म्हणजे या घराची भाववाढ ७.१ टक्के झाली. मुले प्रथम सातही टक्केवारींची बेरीज करून तिला सातने भागतात व उत्तर ९.३ काढतात. ते चुकीचे का, हे त्यांनाच शोधू द्यावे. तेल ३० टक्क्यांनी महागले हे खरे. परंतु तेलावर खर्चाचा लहानसा हिस्साच जातो. भारित सरासरी म्हणजे काय, हे या एका उदाहरणातून पक्के समजते.

यातूनच पुढची गोष्ट कळते. प्रत्येक घराची भाववाढ निराळी असते. धान्य व डाळी १० टक्क्यांनी महागल्यास वरील घराचा एकूण खर्च ३ टक्क्यांनी वाढेल. पण ज्या मजूर कुटुंबाच्या ७,००० रुपयांच्या खर्चापैकी ३,५०० रुपये धान्य-डाळीवरच जातात, त्याचा खर्च ५ टक्क्यांनी वाढेल. बाजार एकच, भावही एकच. तरी गरिबाच्या घरावर बोजा अधिक पडतो.

दुसरा धडा : शेकड्याचा पाया

शेकडेवारीत कशावर शेकडा काढावयाचा, हे विसरल्यास हिशेब फसतो. समजा, ५ रुपयांचा बिस्किटांचा पुडा १०० ग्रॅमचा होता, तो ८० ग्रॅमचा झाला. किंमत मात्र तीच राहिली. माल २० टक्क्यांनी घटला, परंतु भाव २० टक्क्यांनी वाढला असे नव्हे. पूर्वी १०० ग्रॅमला ५ रुपये पडत, आता ६ रुपये २५ पैसे पडतात. म्हणजे वाढ २५ टक्क्यांची झाली. म्हणून मुलांना वेष्टनावरील किमतीबरोबर वजनही वाचण्याची व दर किलोचा भाव काढण्याची सवय लावावी.

मात्र वजन घटले म्हणजे भाव वाढलाच, असेही धरून चालू नये. मार्च २०१८ पासून युरियाची गोणी ५० किलोंऐवजी ४५ किलोंची झाली. कडुनिंबाच्या लेपाचा आकार व कर सोडून ५० किलोंची किंमत २६८ रुपये होती, ती ४५ किलोंना २४२ रुपये झाली. भागाकार केल्यास किलोला अनुक्रमे ५ रुपये ३६ पैसे व ५ रुपये ३८ पैसे येतात. म्हणजे गोणी लहान झाली तरी दर जवळपास तोच राहिला. एकरी किती गोण्या टाकावयाच्या, हा हिशेब मात्र नव्याने करणे भाग पडले.

या धड्यात आणखी एक गैरसमज दूर करावा. महागाईचा दर ६ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आला असे वृत्त आले, की भाव खाली आले असे अनेकांना वाटते. तसे नसते. १०० रुपयांची टोपली पहिल्या वर्षी १०६ रुपयांची झाली असेल, तर दुसऱ्या वर्षी ती १०९ रुपये १८ पैशांची होईल. चढ मंद झाला, उतार सुरू झाला नाही. २०१६ साली रिझर्व्ह बँकेच्या कायद्यात दुरुस्ती होऊन भाववाढीचे लक्ष्य ४ टक्के व मर्यादा २ ते ६ टक्के अशी ठरविण्यात आली. अर्थात, लक्ष्य अगदी तंतोतंत साधले तरी भाव दरसाल थोडे थोडे चढतच राहणार.

तिसरा धडा : चक्रवाढ आणि ७२ चा नियम

दरसाल ६ टक्के भाववाढ असल्यास तीन वर्षांत १८ टक्के वाढ होईल, असे मुले चटकन सांगतात. पाटीवर मांडून पाहिल्यास १०० चे १०६, मग ११२.३६ व तिसऱ्या वर्षी ११९.१० होतात, कारण वाढीवरही वाढ चढते. भाव दुप्पट होण्यास किती वर्षे लागतील, याचा अंदाज घेण्याची सोपी युक्ती अशी की, ७२ ला भाववाढीच्या दराने भागावे. ६ टक्के दर असल्यास सुमारे १२ वर्षे, ४ टक्के असल्यास सुमारे १८ वर्षे.

याचा घरच्या निर्णयाशी थेट संबंध आहे. बारा वर्षांच्या मुलीला पुढे जे शिक्षण द्यावयाचे आहे त्यास आज एक लाख रुपये लागत असतील आणि खर्च दरसाल ६ टक्क्यांनी वाढत असेल, तर ती अठरा वर्षांची होईल तेव्हा सुमारे १ लाख ४२ हजार रुपये लागतील. एक लाखावर नजर ठेवून बचत करणारे घर त्या वेळी ४२ हजारांसाठी उसनवारी करील किंवा मुलीचे शिक्षण थांबवील. हा हिशेब त्या मुलीनेच करून घरच्यांपुढे मांडला तर तो अधिक मनावर घेतला जाईल.

खंडाच्या जमिनीचेही तसेच आहे. पाच वर्षांसाठी दरसाल २०,००० रुपये असा खंड ठरला व भाव दरसाल ६ टक्क्यांनी वाढत गेले, तर पाचव्या वर्षीच्या २०,००० रुपयांचे मोल पहिल्या वर्षीच्या सुमारे १५,८०० रुपयांइतकेच उरते. जमीन देणाऱ्याचे हे नुकसान होय. जमीन घेणाऱ्याला त्याचा लाभ होतो. पण त्याच्या मालाचा भाव वाढला तरच. दोन्ही बाजूंनी हिशेब मांडावयास लावल्यास मुलांची समज वाढते.

चौथा धडा : मालाने माल मोजणे

शेतकऱ्याच्या मुलांसाठी हा धडा सर्वांत महत्त्वाचा आहे. शेतकरी केवळ खरेदीदार नसून विक्रेताही आहे. म्हणून भाववाढीने त्याचे बरे झाले की वाईट, हे एका बाजूचे आकडे पाहून ठरत नाही.

सोयाबीनचा हमीभाव २०१४-१५ साली क्विंटलला २,५६० रुपये होता. २०२४-२५ साली तो ४,८९२ रुपये झाला. वाढ सुमारे ९१ टक्क्यांची आहे. एवढ्यावर थांबले तर भाव जवळपास दुप्पट झाला असे वाटेल. परंतु याच दहा वर्षांत ग्राहक किंमत निर्देशांक सुमारे ११९ वरून सुमारे १९३ वर गेला. म्हणजे संसाराचा खर्च सुमारे ६२ टक्क्यांनी वाढला. त्रैराशिक मांडावे. ११९ ला १९३, तर २,५६० ला किती? उत्तर सुमारे ४,१५० येते. म्हणजे २०१४-१५ साली २,५६० रुपयांत जो संसार चालत होता, त्यास २०२४-२५ साली ४,१५० रुपये लागत होते. खरी वाढ ४,१५० च्या वर जे मिळाले तेवढीच. म्हणजे हमीभावाने विक्री झाल्यास क्विंटलमागे सुमारे ७४० रुपये.

पण २०२४ च्या हंगामात अनेक बाजारांत सोयाबीन हमीभावाखाली विकले गेले. ज्याने ते ४,१५० रुपयांना विकले, त्याच्या पदरी दहा वर्षांपूर्वीच्या हमीभावाइतकेच मोल पडले. आणि २०१४-१५ साली ज्यास बाजारात हमीभावाहून अधिक दर मिळाला होता, तो तर मागेच आला. पट्टीवरचा आकडा मात्र या सर्वांना मोठाच दिसला.

हाच हिशेब खतावर करावा. २०२४ साली डीएपीची ५० किलोंची गोणी १,३५० रुपयांना होती. सोयाबीन ४,८९२ रुपये क्विंटलने विकल्यास एका गोणीसाठी २७.६ किलो सोयाबीन द्यावे लागे. ४,१५० रुपयांनी विकल्यास ३२.५ किलो. खताचा दर एक पैसाही न वाढता शेतकऱ्याला ते सुमारे ५ किलो सोयाबीनने महाग पडले. नुसत्या खताच्या पावतीवर हे दिसत नाही आणि नुसत्या सोयाबीनच्या पट्टीवरही दिसत नाही. दोन्ही शेजारी ठेवून भागाकार केला म्हणजेच दिसते. अर्थात भाव हा उत्पन्नाचा एक भाग झाला. एकरी उतारा किती आला, हेही त्याबरोबर पाहिले पाहिजे.

जुन्या काळच्या स्वस्ताईचीही अशीच पारख करता येते. १९७०-७१ साली गव्हाचा आधारभूत भाव क्विंटलला ७६ रुपये, म्हणजे किलोला ७६ पैसे होता, हे ऐकून मुलांना नवल वाटते. अशा वेळी त्यांनी आजोबांना किंवा आजीला विचारावे, की त्या काळी दिवसाच्या मजुरीत किती पायल्या ज्वारी येत असे? आपल्या भागातील पायलीचे किलो करून आजच्या मजुरीत येणाऱ्या ज्वारीशी त्याची तुलना करावी. तो काळ खरोखर स्वस्त होता की नाही, याचे उत्तर त्यातून मिळेल.

पाचवा धडा : रोकड, ठेव आणि कर्ज

घरात डब्यात २०,००० रुपये सहा वर्षे पडून राहिले आणि भाव दरसाल ६ टक्क्यांनी वाढले, तर शेवटी नोटा तेवढ्याच राहतात, पण त्यांत पूर्वीच्या सुमारे १४,१०० रुपयांचाच माल येतो. चोरी न होता सुमारे ५,९०० रुपये गेले. हीच रक्कम ७ टक्के व्याजाने ठेवली असता भाववाढ वजा जाता दरसाल जेमतेम एक टक्का खरी वाढ होते. ५ टक्क्यांनी ठेवली असता व्याज मिळूनही मोल घटते. म्हणून व्याजाचा दर सांगितला गेला की भाववाढीचा दर त्याशेजारी लिहावा, असा नियमच मुलांना घालून द्यावा.

कर्जाचा हिशेब याच्या उलट चालतो. केंद्र शासनाच्या व्याज सवलत योजनेखाली २०२४-२५ साली ३ लाख रुपयांपर्यंतचे अल्पमुदतीचे पीककर्ज ७ टक्क्यांनी मिळत होते व वेळेवर फेड केल्यास आणखी ३ टक्के सवलत मिळून ते ४ टक्क्यांनी पडत होते. याउलट, खाजगी कर्जात ‘शेकडा तीन रुपये’ असा दर सांगितला जातो तो बहुधा महिन्याचा असतो. म्हणजे वर्षाला ३६ टक्के. तीन हा आकडा सातपेक्षा लहान दिसतो, यातच फसगत होते. महागाई वाढतेच आहे, तेव्हा कर्ज आपोआप हलके होईल, हा युक्तिवाद अशा व्याजापुढे टिकत नाही. दराच्या मागे ‘दरमहा’ आहे की ‘दरसाल’ हे विचारणारा मुलगा वा मुलगी घरात असेल, तर कागदावर सही होण्यापूर्वी ही गोष्ट उघड होईल.

वही कशी ठेवावी?

या सर्व धड्यांसाठी एक शंभर पानी वही पुरेशी आहे. घरात नेहमी लागणाऱ्या दहा वस्तू निवडाव्यात : सहा संसाराच्या व चार शेतीच्या. महिन्यातील एक आठवडे बाजार ठरवून त्या दिवशी त्याच दुकानातील त्याच प्रतीच्या मालाचा भाव नोंदवावा. वहीत तारीख, वस्तू, वजन, किंमत, दर किलोचा भाव आणि ‘आपल्या किती किलो मालात आली’ असे सहा रकाने आखावेत. विक्री झाली की पट्टीवरून हमाली, तोलाई व इतर कपात वजा करून हाती आलेला निव्वळ दर लिहावा. नुसता पुकारलेला दर लिहू नये.

तुलना मागील महिन्याशी न करता मागील वर्षाच्या त्याच महिन्याशी करावी. कांदा, टोमॅटो, मिरची यांचे भाव हंगामानुसार इतके हलतात, की लगतच्या महिन्याशी तुलना केल्यास भलताच निष्कर्ष निघतो. शिक्षकांनी व युवक मंडळांनी पाच-सहा घरांच्या वह्या एकत्र आणून आलेखाच्या कागदावर रेषा काढून घ्याव्यात. बागायतदाराची, कोरडवाहू शेतकऱ्याची, मजुराची व पगारदाराची रेषा वेगळी का जाते, यावर मुलांना बोलू द्यावे. मात्र कोणत्याही घराचे कर्ज वा उत्पन्न वर्गात उघड होणार नाही, याची दक्षता घ्यावी. भाव व वजने एवढीच माहिती त्यासाठी पुरते.

पालकांनी या कामी एकच गोष्ट करावयाची आहे. पावत्या व पट्ट्या मुलांपासून लपवू नयेत आणि मुलाने काढलेला आकडा आपल्या अंदाजाविरुद्ध गेला तरी तो एकदा पडताळून पाहावा. पहिल्या वर्षी वहीत फक्त नोंदी जमतील. दुसऱ्या वर्षापासून तुलना करता येईल. खरिपाच्या खरेदीपूर्वी, माल विकण्यापूर्वी व कर्ज घेण्यापूर्वी ती वही उघडून पाहण्याचा प्रघात घरात पडला, की ठेवलेल्या नोंदींचा खरा उपयोग होऊ लागेल.